जुन्याच्या शेजारी

माऊसचा बाण हरवला. क्रांतीनं माऊस डावीकडे ओढला, उजवीकडे ओढला, मग टेबलावर गोल गोल फिरवला, तरी पडद्यावर बाण काही सापडेना. असं हल्ली व्हायचं. मग ती माऊस वरच्या डाव्या कोपऱ्याकडे जोरात ढकलायची, बाण तिथं जाऊन अडकलाच असणार असं धरून चालायची आणि तिथून त्याला बोटाबोटानं खाली आणायची. आज तो कोपऱ्यातही दिसला नाही. समोर अर्धवट लावलेली लग्नपत्रिका होती, प्रेसमधून रेश्माचा दोनदा फोन येऊन गेला होता, आणि तिचा नवरा नाथाजी दारात बसून बँकेतल्या ड्यूटीचे बूट चढवत होता. नाडी ओढल्याचा आवाज मध्येच थांबला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो आपल्याकडे बघतोय.

"काय गं, काय शोधतीयास?"

"काही नाही. बाण अडकलाय. मशीन जुनं झालंय."

नाथाजी उठून तिच्या मागं आला. त्याच्या हाताला बूटपॉलिशचा वास होता. "ह्यो काय, हितंच हाय की. मधोमध." त्यानं पडद्यावर बोट टेकवलं. क्रांतीला ते बोट दिसलं, नखाखालची पॉलिशची काळी रेघसुद्धा दिसली. बाण दिसला नाही.

"हां, दिसला," ती म्हणाली.

नाथाजीनं तिच्या हाताखालचा माऊस जरासा सरकवला. "आणि आता?"

"तिथंच आहे की," ती हसून म्हणाली.

त्यानं माऊस सोडला. थोडा वेळ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, मग डबा उचलून निघून गेला. खाली गाडी सुरू व्हायला नेहमीपेक्षा वेळ लागला. आवाज सांगलीतल्या विश्रामबागेच्या चौकाकडं निघून गेल्यावर क्रांतीनं माऊसवरचा हात काढला. आपण चुकीचं उत्तर दिलं, हे तिला कळलं होतं. आणि ते त्यालाही कळलं होतं.

पाच वर्षांपूर्वी ती मिरजेला एकटीच गेली होती. नाथाजीला सांगितलं होतं, चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. डॉक्टर तरुण होते, त्यांनी घाई केली नाही. त्यांनी कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या आत एक लहान वर्तुळ काढलं, आणि मधली सगळी जागा पेन्सिलीनं काळी केली. डोळ्याचा पडदा कडेनं झिजत येतो, ते म्हणाले, मधलं बरेच दिवस राहील, पण किती दिवस ते मला सांगता येणार नाही. येताना एसटीत खिडकीशी बसून तिनं ते वर्तुळ बाहेरच्या रस्त्यावर लावून बघितलं होतं. तेव्हा बांगडीतून बघितल्यासारखं दिसायचं. आता अंगठीतून. अंगठीत जे मावतं ते अजूनही लख्ख होतं, एखादा काना, एखादी वेलांटी, भाजीतला खडा. पण अंगठी नेमकी कुठं धरायची हेच कळायचं नाही. समोरून हात पुढं करणारा माणूस तिला उद्धट समजून निघून जायचा. लग्नात ती एका खुर्चीवर बसली की उठायचीच नाही, आणि बायका म्हणायच्या, क्रांतीताई किती शांत झाल्यात. घरात प्रत्येक वस्तूची जागा तिनं ठरवून टाकली होती आणि कुणी ती हलवली की चिडायची. नाथाजीला वाटायचं, वयानुसार बाईमाणूस चिडचिडं होतं. त्याला सांगायची भीती वाटत होती असंही नव्हतं. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, त्याला एखादी गोष्ट सांगितली की तो तिचा बंदोबस्त करायला लागायचा. गॅस तो ताब्यात घेईल, रस्त्यात दंड धरून चालवेल, आणि एक दिवस हे मशीन कापड घालून झाकून ठेवेल, अगदी मायेनं. ते कापड तिला अनेकदा डोळ्यांसमोर यायचं. फिक्या निळ्या रंगाचं, कडेला दोरा सुटलेलं.

मशीन पंधरा वर्षांचं होतं. नाथाजी ईशान्येकडं पोस्टिंगवर असताना, मुलगी सोनिया शाळेत जायला लागल्यावर, तिनं ते घेतलं होतं आणि बाहेरच्या खोलीच्या या कोपऱ्यात मांडलं होतं. तिचे वडील कवठे महांकाळच्या शाळेत मास्तर होते. मुलीचं नाव क्रांती ठेवणारा माणूस मुलीचं नुसतं लग्न करून देणार नव्हता. बारावी झाल्याबरोबर त्यांनी तिला सांगलीला मावशीकडं ठेवून टायपिंगच्या क्लासला घातलं. तिथून प्रेसची कामं आली आणि ती कधी थांबलीच नाहीत. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, सोसायट्यांचे अहवाल, शाळांचे वार्षिक अंक, दहाव्या-तेराव्याची कार्डं. अर्ध्या जिल्ह्याची सुखदुःखं तिच्या बोटांखालून गेली होती. आणि तिचं खरं काम टायपिंगचं नव्हतंच, प्रुफं वाचायचं होतं. चुका तिला बोलवाव्या लागत नसत, पानावर नजर टाकली की त्या आपणहून उठून उभ्या राहायच्या. रेश्मा सांगायची, ताईंच्या हाताखालून गेलं म्हणजे परत बघायला नको. गेल्या महिन्यात मात्र एका पत्रिकेत कवठे महांकाळच्या जागी कवठे एकंद छापून गेलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हातून गेलं असतं तर एक वेळ समजण्यासारखं होतं. ती त्याच कवठे महांकाळची! प्रेसनं गुपचूप पत्रिका पुन्हा छापल्या. रेश्मा एका शब्दानं बोलली नाही, आणि त्या न बोलण्यानंच क्रांती रात्रंदिवस कुरतडली जात होती.

शनिवारी नाथाजी पहाटेच उठला. "कोरेगावला जाऊन येतो," म्हणाला आणि रेल्वेनं गेला. कोरेगावजवळ त्याचं गाव होतं, तिथं दोन भाऊ होते, ऊस होता, मोठं अंगण होतं. दिवसभर क्रांतीनं त्या अंगणात स्वतःला बसवून बघितलं. कुणी तरी ताट आणून देतंय, कुणी तरी मोठ्यानं बोलतंय, कारण डोळे गेलेल्या माणसाला ऐकूही कमी येतं असं लोकांना उगाच वाटतं. जावा चांगल्या होत्या, तीच तर अडचण होती. संध्याकाळी सोनियाचा बंगळुरूहून फोन आला. बाबांनी तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं. "आई, मी दिवाळीला आले की बघते मशीनचं, तोवर तू ताण घेऊ नकोस," ती म्हणाली, आणि क्रांती फोन ठेवून बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. म्हणजे माझ्याविषयी आता माझ्या मागं बोललं जातंय. इथून सुरुवात होते.

नाथाजी उशिरा आला, जेवला, झोपला. रविवारी सकाळी चहा झाल्यावर त्यानं खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि त्यातला पेन ड्राइव्ह तिच्या तळहातावर ठेवला.

"लालासाहेबाकडं गेलतो," तो म्हणाला.

लालासाहेब फौजेत त्याच्याच कंपनीतला. क्रांतीनं त्याला एकदाच बघितलं होतं, स्वतःच्या लग्नात. उंच, हसरा, पंगतीत वाढताना जिलेबीचं ताट डोक्यावर धरून नाचलेला. त्याच्या पुढच्याच वर्षी सीमेवर सुरुंग फुटून त्याचे डोळे गेले. नाथाजी त्याच्याबद्दल फार बोलायचा नाही. कोरेगावला असतो, बरा आहे, एवढंच.

"त्याचा कॉम्प्युटर बोलतोय," नाथाजी म्हणाला. "सगळं वाचून दावतोय. फौजेनं त्याला एका संस्थेत धाडलं हुतं, तिथं शिकला. आता सातारला जाऊन दुसऱ्या आंधळ्या पोरांस्नी शिकवतोय. त्यानं ह्यात भरून दिलंय. तुझ्या मशीनमधी घालायचं."

"दुसऱ्या आंधळ्या" हे शब्द खोलीत तसेच पडून राहिले. नाथाजीच्याही ते लक्षात आलं असावं. त्यानं उगाच बशी सरकवली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" क्रांतीचा आवाज चढला. "मी काही म्हणाले होते का?"

"न्हाई म्हणालीस. म्हणायला पायजे हुतंस."

ती मशीनवर घसरली. मशीनला हात लावायचा नाही. त्यात माझं पंधरा वर्षांचं काम आहे. ज्या प्रोग्रामवर मी मराठी लावते, तो आता कुठं मिळत नाही, विकणाऱ्याचं दुकानसुद्धा राहिलं नाही. एकदा पुसलं गेलं की गेलं. तुम्हाला काय, एक बटण दाबाल आणि बसाल. नाथाजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जुनं तसंच ऱ्हातंय म्हणतोय लाला. त्याच्या शेजारी दुसरी सिस्टीम बसतीया, बोलणारी. सुरू करताना मशीन इचारतंय, कुठल्या घरात जायचं ते. तू बोल त्याच्यासंगट." आणि तिनं हो म्हणायच्या आतच त्यानं फोन लावून टेबलावर ठेवला.

"वैनी, नमस्कार," फोनमधून आवाज आला. मागं म्हैस हंबरत होती. "लय वर्सांनी. आधी एक सांगा, मोलाचं हाय ते सगळं दुसरीकडं उतरून ठिवलंय का?"

ती खुर्ची ओढून फोनजवळ बसली. या घरात पहिल्यांदाच कुणी तरी योग्य प्रश्न विचारला होता. सोनियानं आणून दिलेली जास्तीची डिस्क कपाटात होती. फायली उतरवायला दुपार झाली. फायली उतरल्या, पण त्या उघडणारा प्रोग्राम उतरत नव्हता, तो या मशीनमध्येच राहणार होता, नाही तर कुठंच नाही. तिनं लालासाहेबाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "खोटं बोलत न्हाई, वैनी. धोका हाय, पण थोडा. मी लय मशीनींत केलंय, एकदाच फसलं. करू का नको, तुमी सांगा. नाथ्याला इचारू नका."

नाथाजी खिडकीशी उभा होता. अंगठीएवढ्या उजेडात क्रांतीला त्याची पाठ दिसली, शर्टाची कॉलर मानेशी उलटी दुमडलेली. ती सरळ करावी असं तिला वाटलं, आणि त्या क्षुल्लक वाटण्यातच तिचा राग कुठं तरी ओसरला. "करू या," ती म्हणाली.

मग सुरू झालं ते तिला आजही आवाजांनीच आठवतं. नाथाजी खुर्चीवर, ती शेजारी स्टुलावर, मध्ये फोन. ज्याला दिसत होतं त्याला कॉम्प्युटर येत नव्हता, ज्याला येत होता तो शंभरावर किलोमीटर लांब बसलेला आणि त्याला दिसत नव्हतं, आणि ती दोघांच्या मध्ये. मशीन सुरू करताना वरच्या ओळीतली एक कळ दाबत राहायची होती. नाथाजीला तीनदा जमली नाही, मशीन उघडून जुन्याच घरात जात होतं. "अरं टकटक कर, दार ठोठावल्यावाणी, दाबून नगं धरू," लालासाहेब ओरडला. चौथ्यांदा जमलं. बराच वेळ पंखा नुसताच घरघरत राहिला. मग लालासाहेबानं तीन कळा एकदम दाबायला सांगितल्या, आणि स्पीकरमधून एक बाप्या बोलला. इंग्रजीत, नाकातून, सर्दी झाल्यासारखा.

"बोलला!" नाथाजी इतक्या मोठ्यानं म्हणाला, की क्रांती दचकली.

"त्यो बोलणारच, त्यासाठीच धाडलाय," लालासाहेब म्हणाला. "आता वाच. सावकाश. एक शब्द गाळू नको."

नाथाजीचं इंग्रजी फौजेतलं होतं, हुकूम आणि हत्यारांपुरतं. तो एकेक अक्षर लावत वाचायला लागला. खरं म्हणजे यंत्रही तेच वाचत होतं, पण त्या वेगात कुणालाच काही कळत नव्हतं. एका पानावर तो अडखळला. "इन्स्टॉल... अ... अलाँगसाइड. लाला, अलाँगसाइड म्हंजे?"

"शेजारी. तेच पायजे. त्याच्या खाली काय हाय?"

"इरेज डिस्क."

"त्याला हात लावू नको. ग्रेनेडची पिन हाय ती."

नाथाजीचा हात माऊसवर होता. क्रांतीनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. तो ओलसर लागला. तिनं हे कधी बघितलं नव्हतं. बंदूक घेऊन बँकेच्या दारात उभा राहणारा, सापाला शेपटीला धरून बाहेर टाकणारा माणूस, त्याच्या हाताला घाम सुटला होता. तिला वाटलं, आपण पाच वर्षं एकटीनं घाबरत होतो, आणि गेले काही दिवस हा आपल्याइतकाच घाबरलाय. दोघांनी मिळून बटण दाबलं.

मग मशीननं विचारलं, जुन्याला किती जागा ठेवायची आणि नव्याला किती द्यायची. नाथाजी म्हणाला, निम्मंनिम्मं करू. "वैनींस्नी इचार," लालासाहेब म्हणाला. क्रांतीनं विचार केला. पंधरा वर्षांचं सामान एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला सर्दी झालेला एक परका आवाज. "जुन्याला जास्त ठेवा," ती म्हणाली. "नव्याला पुरेल एवढं द्या."

एक पट्टी हळूहळू भरायला लागली. नाथाजी चहा ठेवायला आत गेला. फोन चालूच होता. खोलीत दुपारचं ऊन आलं होतं, मार्केट यार्डाच्या बाजूनं हळदीचा वास येत होता, आणि क्रांती त्या न दिसणाऱ्या पट्टीकडं तोंड करून बसली होती. तिला टायपिंगच्या क्लासची खोली आठवली. एका वेळी वीस मशिनी चालायच्या, खालच्या किराणा दुकानात छतावरून माती गळायची, आणि दुकानदार काठीनं छत ठोकायचा. काठी ठोकली की सगळ्या मुली हसायच्या आणि आणखी जोरात बडवायच्या. त्या वेळी पुढचं सगळं आयुष्य नुसतं टाइप करायचं बाकी आहे असं वाटायचं.

"वैनी," लालासाहेबाचा आवाज खाली आला. "नाथ्या लांब हाय का?"

"आत आहे. चहा करतायत."

"त्यानं तुमास्नी सांगितलं न्हाई, मला ठाव हाय. मी पुण्याला फौजेच्या दवाखान्यात पडलो हुतो तवा ह्यो सुट्टी काढून माझ्यापाशी ऱ्हायला. तुमचं नवीन लगीन झालेलं. मी कुणाशी बोलत नव्हतो. भिताडाकडं तोंड करून पडायचो. तर ह्यो रोज पेपर घिऊन यायचा अन् मोठ्यांदा वाचायचा. पैल्या पानापासनं, जाहिरातीसकट. विहिरीवरची मोटार इकणे हाय. वधू पायजे. बैल हरवलाय. मी म्हणायचो, गप की रं आता. तर म्हणायचा, अजून दोन पानं ऱ्हायल्यात. मला एक दिवस त्या हरवलेल्या बैलाचं हसू आलं. तितनं मी उठलो, बघा."

क्रांतीला ती सुट्टी आठवत होती. लग्नानंतरची पहिलीच. तो घरी आला नाही म्हणून ती महिनाभर त्याच्याशी पत्रातून अबोला धरून होती. त्यानं पत्रात एवढंच लिहिलं होतं, कामामुळे येता आलं नाही. तिनं फोन जरा जवळ ओढला. आतून नाथाजी विचारत होता, साखर किती टाकू, आणि गेली पंचवीस वर्षं ती किती साखर घेते हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या. "एक चमचा," ती कशीबशी म्हणाली.

पट्टी भरली. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या, नाथाजीनं वाचल्या. इथं आवाज नसतो, लालासाहेब म्हणाला, इथं मशीन मुकं असतंय. काही दाबलं नाही तर नवं उघडतं, जुनं हवं असेल तर खाली जायचं. पुढं मी इथं एक शिट्टी बसवून देतो, म्हणजे वैनींना कळेल की दारात आलो. "पर आता आधी जुनं उघड. ते सुखरूप हाय का बघू."

नाथाजीनं खालची ओळ निवडली. थोडा वेळ गेला. मग तो हळूच म्हणाला, "लाला, नुसते आकडे पळाया लागलेत रं. इंग्रजीत कायबाय लिवलंय. डिस्क... चेक..."

क्रांतीनं डोळे ताणले. अंगठीत एक पांढरा आकडा आला आणि गेला. गेलं, तिला वाटलं. सगळं गेलं. आणि नवल म्हणजे तिला रडू आलं नाही. तिला एकदम पत्रिका आठवल्या, एकामागून एक, वरांची नावं, वधूंची नावं, आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं, आणि वाटलं, ती लग्नं तर झाली, लोकांना मुलं झाली, ती काही पुसली जाणार नाहीत. तरीही तिनं नाथाजीचा दंड घट्ट धरला होता.

"घाबरू नगा," फोन म्हणाला. "त्येची जागा कमी झालीया, तर ते आपलं सामान मोजून घेतंय. मोजू द्या त्याला."

मशीननं सावकाश मोजून घेतलं. मग तो ओळखीचा सूर वाजला, पंधरा वर्षं रोज सकाळी वाजणारा, आणि जुनं घर उघडलं. नाथाजीनं प्रोग्राम उघडून बघितला, अर्धवट पत्रिका उघडून बघितली. "हाय. सगळं हाय," तो म्हणाला आणि खुर्चीत मागं रेलला. त्याचा श्वास तिला ऐकू आला.

नव्यात मराठी आवाज बसवायला आणखी तासभर गेला. आला तोही सर्दी झालेलाच होता, पण मराठी. क्रांतीनं उत्साहानं जुनी पत्रिका नव्यात उघडायला सांगितली. आवाजानं ती वाचली, आणि तिला काही कळेना. इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, पुन्हा अक्षरं, नुसता खडखडाट. लालासाहेबानं समजावलं, तुमचे जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मराठी मुखवटे आहेत, डोळ्यांना मराठी, मशीनला इंग्रजी. बदलून घेता येतं, हळूहळू करू. तिला थोडं वाईट वाटलं. एवढ्या वर्षांचं नीटनेटकं काम या आवाजाला नुसता कचरा वाटत होता. "नवं काय तरी लिवा," लालासाहेब म्हणाला. "त्याला कळंल असं."

नाथाजी खुर्चीवरून उठला. ती बसली. तिच्या सवयीचाच कीबोर्ड लालासाहेबानं लावून दिला होता, बोटांना जागा माहीत होत्या. तिनं पडद्याकडं न बघता, बघून उपयोगही नव्हता, सर्वांत जास्त वेळा लिहिलेली ओळ लिहिली आणि कळ दाबली. आवाज म्हणाला, "शुभविहाव."

ती थांबली. पुन्हा कळ दाबली. "शुभविहाव."

"चुकलंय," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "अहो, चुकलंय! विहाव लिहिलंय मी!"

"असू दे गं, हुतंय," नाथाजी समजूत घालायला लागला.

"अहो, असू दे काय! मला ऐकू आलं. चूक ऐकू आली मला."

फोनमधून लालासाहेब मोठ्यानं हसला. "पकडली का, वैनी? मग झालं. ह्रस्व-दीर्घ कानाला येगळं येत न्हाई, तिथं बाण दाबत एकेक अक्षर सुटं ऐकायचं. वेळ लागंल. पर सापडतंय सगळं." तिनं बाण दाबून एकेक अक्षर सुटं ऐकलं, चुकीच्या जागी पोचली, अक्षरं बदलली, पुन्हा ऐकलं. शुभविवाह. सर्दी झालेल्या त्या आवाजात हा शब्द इतका विचित्र वाटत होता, की तिला हसू आवरेना, आणि हसता हसताच गालांवरून पाणी ओघळायला लागलं. नाथाजीनं फोन उचलला, स्पीकर बंद केला, गॅलरीत गेला, आणि बराच वेळ तिथं उभा राहून हळू आवाजात लालासाहेबाशी काही तरी बोलत राहिला. काय, ते तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं रेश्माला सगळं सांगितलं, मिरजेच्या डॉक्टरांपासून. मग रेश्मा म्हणाली, "ताई, मांडणी मी बघते. मजकूर मात्र तुम्हीच वाचायचा. दुसऱ्या कुणाला मी देणार नाही." पुढचे काही आठवडे कठीण गेले. आवाजाचा वेग कमी करावा लागला, मग हळूहळू वाढवता आला. जुन्या घरात ती अजून जायची, उजेड चांगला असला की तासभर. तिथं आता पाहुण्यासारखं वाटायचं, पण तिथून निघताना वाईट वाटायचं नाही. ते होतं, एवढं पुरत होतं. मनात ती अधूनमधून आभार मानायची आणि ते नेमके कुणाचे हे तिला ठरवता यायचं नाही. कोरेगावच्या त्या माणसाचे, घाम सुटलेल्या त्या हाताचे, वर्तुळ काढून खरं सांगणाऱ्या डॉक्टरांचे, की हे सगळं आधीच करून ठेवणाऱ्या, कुठं कुठं बसलेल्या अनोळखी लोकांचे, ज्यांना क्रांती नावाची बाई सांगलीत आहे हे कधी कळणार नव्हतं.

एका सकाळी एका शाळेचा अंक आला होता. साठ पानं, मुलांचे निबंध. तिनं कानात इअरफोन घातले आणि ऐकायला लागली. दुसऱ्या की तिसऱ्या निबंधात तिच्या लक्षात आलं, की आपण अजून सवयीनं डोळे ताणून पडद्याकडं रोखून बघतोय, भुवया आखडल्यात, मान दुखतेय. कशासाठी? तिनं भुवया सैल सोडल्या. मग पापण्या खाली येऊ दिल्या. अंगठीही गेली, आणि आत जे आलं ते काळं नव्हतं, नुसतं मऊ होतं. सहावीतली एक मुलगी तिच्या शेळीबद्दल सांगत होती आणि ती एका वाक्यात कर्ता विसरली होती. क्रांतीनं थांबवलं, मागं गेली, खूण केली, पुढं गेली.

नाथाजी डबा घेऊन बाहेर आला आणि थबकला. तिच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "झोपलीस व्हय गं?"

तिनं एका कानातला इअरफोन काढला. "नाही. प्रूफ वाचतेय."

त्यानं तिच्या खांद्यावरचा हात काढला. मग पायांचा आवाज न करता दारापर्यंत गेला, आणि दार अगदी सावकाश ओढून घेतलं. तिनं डोळे उघडले नाहीत. शेळीला तीन पिल्लं झाली होती.